मैनेचं कच्चं खाणं आणि घरचं ट्रेनिंग: सांगलीतल्या तीन महिन्यांच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

आजपासून आमच्या कुत्रीला पाकिटाऐवजी कच्चं मांस आणि हाड द्यायला सुरुवात. ज्यांना हेच करायचंय त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून लिहून ठेवतेय, चुका होतील त्या तशाच लिहिणार.

मैना आमची कारवान जातीची कुत्री, वय साधारण सव्वा वर्ष, आज दवाखान्यातल्या काट्यावर २१.४ किलो भरली. जत तालुक्यातल्या एका धनगराच्या वाड्यावरनं आणली, तिथं ती भाकरी आणि ताकावर वाढलेली. इथं आल्यावर आम्ही पाकिटातलं कोरडं खाणं चालू केलं तर ती ते हुंगायची आणि सोडून द्यायची, कधीकधी दीड-दीड दिवस उपाशी, मग पहाटे पिवळा फेस ओकायची. डॉक्टरांनी रक्त, शी, कातडी सगळं तपासलं, आजार काही निघाला नाही.

कच्च्या खाण्याबद्दल डॉक्टरांचं मत स्पष्ट विरोधात आहे. घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल आहे, कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला असतो, फ्रीजरमध्ये तो मरत नाही, झोपतो फक्त. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०१२ सालीच कच्चं देऊ नका असं धोरण काढलंय हेही त्यांनी सांगितलं. मी तरी करणारच म्हटल्यावर त्यांनी अटी घातल्या: वाढणं मागच्या परसात नळाजवळच, भांडी-सुरी-पाट वेगळे, हात साबणानं वीस सेकंद, खाल्ल्यावर तासभर तरी मैनेनं कुणाचं तोंड चाटायचं नाही, शी लगेच उचलायची, आणि मुलीनं (वय ९) ताटलीला हात लावायचा नाही. सगळ्या अटी कबूल केल्या आणि मागच्या दारावर कागद चिकटवला.

आई, म्हणजे सासूबाई, माळकरी. त्यांना विचारायला मला चार दिवस लागले. त्या एवढंच म्हणाल्या, "मुक्या जिवाचं पोट त्याच्या रीतीनं भर बाई, फक्त माझ्या तुळशीपासनं आणि चुलीपासनं लांब ठेव." म्हणून फ्रीजर मागच्या पडवीत.

खर्च: जुना १०० लिटरचा फ्रीजर ६,५००, वजनकाटा ३८०, डबे-सुरी-पाट ७४०. एकूण ७,६२०.

हिशोब असा की पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला रोज वजनाच्या दोन ते तीन टक्के. अडीच टक्क्यांनी ५३५ ग्रॅम, मी ५४० धरले. त्यात ८० टक्के मांस (दिल आणि पेटा, म्हणजे कोंबडीचं जठर, हे मांसातच मोडतात), १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी, ५ टक्के गुर्दा (मूत्रपिंड) किंवा तिल्ली (प्लीहा). म्हणजे हाड रोज ५४ ग्रॅम, कलेजी २७ ग्रॅम. हे दोन आकडे पुढं मला फार नडले म्हणून आत्ताच लिहून ठेवा.

५ जून, बुधवार

पहिले तीन दिवस फक्त चिकन, एकच प्राणी, बाकी काही नाही. ताटली चाटून पुसून. रात्री शी थोडी मऊ, चालतंय.

आज पहिल्यांदा कोंबडीची मान दिली आणि तिनं ती आख्खीच गिळली. चावलीच नाही. माझा जीव वर आला. दुसरी मान दिली तेव्हा मी एक टोक हातात धरून ठेवलं म्हणजे तिला चावावंच लागेल, बऱ्याच जणांनी असंच सांगितलेलं. चावली, पण अर्धी झाल्यावर परत गिळायला लागली तेव्हा मी ओढून काढली. असं तीनदा झालं.

(पुढच्या नोंदी वाचल्यावर ही ओळ परत वाचा. इथंच चुकलं.)

१२ जून, बुधवार

दोन दिवस मैना परसात पाठ वाकवून नुसती कुंथतेय. आज शी झाली ती पांढरी, खडूसारखी, पायानं दाबली तर भुगा. हाड जास्त झालं की असंच होतं. पण मी तर मोजून देत होते.

संध्याकाळी सगळा हिशोब परत मांडला तेव्हा सापडलं. मी ज्यावरनं हाड मोजत होते त्या तक्त्यात मानेत हाड ३६ टक्के लिहिलंय, त्यावरून मी रोज १५० ग्रॅम माना देत होते. पण तो तक्ता परदेशातला, तिथली मान कातडीसकट असते. आपल्याकडं चिकनवाले चाचा कोंबडी सोलूनच देतात आणि बिनकातडीच्या मानेत हाड तब्बल ७५ टक्के. म्हणजे ५४ ग्रॅमच्या जागी ११२ ग्रॅम, दुप्पट! आठवडाभर बिचारीला मी दुप्पट हाड चारत होते. बाकीचे आकडेही लिहून ठेवते, पंखात साधारण ४६ आणि पायात ६० टक्के हाड.

दुरुस्ती: माना बंद दोन दिवस, नुसतं मांस, एक चमचा शिजवलेला लाल भोपळा, पाणी जास्त. मग रोज ७० ग्रॅम म्हणजे दोन माना. १५ तारखेला शी तपकिरी, घट्ट, उचलता येईल अशी झाली. हे सगळं वाचून कुणी उलट टोकाला जाऊन नुसतं बोनलेस चारू नका, मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, काही महिन्यांत ते हाडांतनं खेचलं जातं. आणि शिजवलेलं हाड तर कधीच नाही, ते ठिसूळ होऊन टोकदार तुटतं.

१९ जून, बुधवार

ट्रेनिंग चालू करून दहा दिवस झाले. दिवसातनं तीनदा, पाच-पाच मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही कारण मैना कंटाळली की सरळ उठून पडवीत जाऊन झोपते, या जातीला उगाच घोळून घेणं आवडत नाही. शाबासकीचा शब्द "हां". बसली की त्याच क्षणी "हां", मग खाऊ. आधी मी "हां शाब्बास गं माझी बाय" असं लांबण लावायचे, तोवर ती उठलेली असायची आणि तिला वाटायचं उठल्याबद्दल मिळालं. आता एकच अक्षर. "बस" चार दिवसांत, "थांब" मात्र ताटली समोर असताना अजून तीन सेकंदांच्या वर जात नाही.

खाऊ म्हणून उकडलेली कलेजी, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. तिला प्रचंड आवडते. आणि परवापासनं जुलाब, काळपट, चिकट. पोट बिघडायचं कारण शोधत होते ते माझ्याच खिशात होतं, ट्रेनिंगची कलेजी मी हिशोबात धरलीच नव्हती. आज वजन केलं तर दिवसाला ६० ग्रॅम जात होती, वर ताटलीतली २७. कलेजी जास्त झाली की पोट तर सुटतंच, शिवाय व्हिटॅमिन ए अंगात साठत जातं, ते लघवीवाटे निघून जात नाही.

आता सकाळी २७ ग्रॅम कलेजी मोजते, तीच उकडून तुकडे करून दिवसभर वापरते आणि ताटलीत वेगळी घालत नाही. ती संपली की उकडलेल्या पेट्याचे तुकडे. ट्रेनिंगला सगळं उकडलेलंच, कच्चं मांस हातात घेऊन घरभर फिरणं शक्य नाही.

२३ जून, रविवार

आज मैना माझ्यावर गुरगुरली.

आज माना मिळाल्या नव्हत्या म्हणून पाठीचा सांगाडा दिलेला. मी नेहमीसारखी जवळ गेले, मोठा तुकडा गिळू नये म्हणून. ती आधी थिजली. शेपटी, मान, सगळं अंग एकदम ताठ, खाणं थांबलं, तोंड हाडावरच ठेवून डोळा फक्त माझ्याकडं फिरवला, डोळ्याची पांढरी कड दिसत होती. मग घाईघाईनं दोन घास. मी अजून एक पाऊल टाकलं आणि मग घशातनं आवाज. आत्ता लिहिताना हे सगळं क्रमानं दिसतंय, तेव्हा मला फक्त शेवटचा आवाज ऐकू आला.

नवऱ्यानं आवाज ऐकला, येऊन जोरात ओरडला आणि झाडूनं सांगाडा ओढून घेतला. शेजारचे काका म्हणाले मालक कोण ते कळू दे तिला, दोन ठेवून द्या. मारलं नाही, पण रागावलो भरपूर. रात्रभर ती पडवीच्या कोपऱ्यात, माझ्याकडं आली नाही.

२६ जून, बुधवार

परत मान दिली, परत मी जवळ गेले. यावेळी गुरगुर नाहीच, थेट दात. मनगटावर दोन ओरखडे, एका जागी रक्त. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतलं, जखम छोटी म्हणून सोडलं नाही, तिचं रेबीजचं लसीकरण पूर्ण असलं तरी सरकारी दवाखान्यात जाऊन माझी इंजेक्शनं चालू केली. त्यात अर्धा दिवस गेला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले गुरगुर ही तिची सूचना होती, तुम्ही सूचना दिल्याबद्दल रागावलात, म्हणून तिनं सूचना देणं सोडलं. मी फोन ठेवून बराच वेळ पायरीवर बसले. खरंच होतं. ५ जूनपासनं माझा हात तिच्या तोंडाजवळ आला की काहीतरी ओढून नेत होता, मग झाडू आला, तोही घेऊनच गेला. तिच्या बाजूनं बघितलं तर तिचं काय चुकलं?

हाडं सध्या बंद. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं: उकळून, वाळवून, पडवीतल्या वेगळ्या मिक्सरच्या भांड्यात अगदी पीठ करून, अर्ध्या किलो मांसाला छोटा अर्धा चमचा. मिक्सरचं भांडं ४५० रुपये. आणि मुलगी परसात येणार नाही, जाळीचं दार लावूनच वाढायचं.

१ ते १३ जुलै

पद्धत लिहिते, कारण याच भागाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आमच्या परसातल्या लाद्या दोन-दोन फुटांच्या आहेत. ताटली भिंतीपासनं पुढं ठेवली, तिची पाठ भिंतीला लागून ती कोपऱ्यात अडकली असं व्हायला नको, जायला दोन्हीकडनं वाट. ताटलीत साधं मांस. मी सात लाद्या लांब. तिथनं चालत जाताना न थांबता उकडलेल्या कलेजीचा तुकडा ताटलीकडं फेकायचा आणि पुढं निघून जायचं. बोलायचं नाही, बघत उभं राहायचं नाही. एका जेवणाला पाच-सहा फेऱ्या, बस्स.

पहिल्या दिवशी सात लाद्यांवरही तिचं अंग ताठ झालं म्हणून नऊवर गेले. तीन दिवसांनी मी दिसले की ती तोंड वर करून माझ्या हाताकडं बघायला लागली, शेपटी सैल. मग आठ, मग सात. नियम एकच ठेवला, दोन दिवस लागोपाठ सैल दिसली तरच एक लादी कमी. ९ तारखेला मला घाई झाली, सहावरनं एकदम तीनवर गेले, ती थिजली, परत सातवर जावं लागलं आणि तीन दिवस वाया. नवऱ्यालाही हेच करायला लावलं, त्याला सुरुवात नऊ लाद्यांवरनंच करावी लागली, माझ्यावरचा विश्वास त्याला आपोआप लागू झाला नाही.

आज १३ तारखेला मी सहा लाद्यांवर.

१५ जुलै, सोमवार

काल संध्याकाळी वादळी पाऊस, लाईट गेली ती आज दुपारी आली, एकूण एकोणीस तास. फ्रीजर अर्धाच भरलेला होता. झाकण न उघडता ठेवला असता तर अर्धा भरलेला फ्रीजरही दिवसभर धरतो, पूर्ण भरलेला तर दोन दिवस, पण मी काळजीनं चार वेळा उघडून बघितलं. वरचे साडेतीन किलो पूर्ण विरघळून कोमट झालेले, तो वास पडवीतनं आत गेला आणि नेमकी परवा एकादशी. सगळं फेकलं, अंदाजे ६०० रुपये. खालच्या ज्या डब्यांत बर्फ शिल्लक होता ते परत गोठवले, ते चालतात. पडवी फिनाईलनं दोनदा पुसली, आईंना जाऊन सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत, उदबत्ती लावली.

आता रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्यात आणि एका वेळी दहा दिवसांचंच सामान आणते.

२८ जुलै, रविवार

मटणवाल्यांकडं गुर्दा-तिल्ली आणायला गेले. शेजारी फोफसं (फुफ्फुस) टांगलेलं, त्यावर पाण्यानं भरलेले लिंबाएवढे दोन फुगे. मी विचारलं, ते म्हणाले, "ताई, हे असतंच कधीकधी, आम्ही कापून टाकतो." ते कुठं टाकतात हे बघितलं तर दुकानामागं चार कुत्री बसलेली.

हे नीट समजून घ्या. शेळ्या-मेंढ्यांच्या फोफशात, कलेजीत या फुग्यांत एका पट्टकृमीची पिल्लं असतात. कुत्र्यानं ते कच्चं खाल्लं की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, कुत्र्याला काही होत नाही, पण शीतनं अंडी बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली की आपल्या यकृतात, फुफ्फुसात तसेच फुगे, ऑपरेशनपर्यंत जातं. याला हायडॅटिड म्हणतात. घरात नऊ वर्षांचं पोर असताना मी हा धोका घेणार नाही. आजपासनं शेळीमेंढीचं आतलं काहीही कच्चं नाही, गुर्दा-तिल्लीही पाऊण तास उकळूनच. फोफसं आणायचंच नाही. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून प्राझिक्वान्टेल असलेलंच. उकळलं म्हणजे कच्चं खाणं राहिलं नाही असं कुणी म्हणेल, म्हणू दे.

लाद्या: तीन. माझ्यासाठी. नवरा पाचवर.

४ ऑगस्ट, रविवार

आज गटारी. चिकन सेंटरपुढं रांग पार कोपऱ्यापर्यंत, चाचांकडं मान मागायचीही सोय नाही. उद्यापासनं श्रावण, भाव पडेल, तेव्हा मोठी खरेदी. माझ्यासारख्यांनी आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात खरेदीला जाऊच नये.

"ये" हा शब्द मी वाया घालवलाय हे या आठवड्यात कळलं. कृष्णाकाठी दहा मीटरच्या सुती दोरीवर सोडते, "ये" म्हटलं की मान वळवते, विचार करते आणि उलट्या बाजूला जाते. कारण ये म्हटलं की दोरी आखडते आणि घरी जायचं, किंवा ये म्हटलं की अंघोळ. नवीन शब्द घेतला, "इकडं". इकडं म्हणजे पेट्याचा तुकडा आणि परत मोकळी, दहातनं नऊ वेळा परत मोकळी. पाच दिवसांत फरक पडला. पण ससा, मांजर, डुक्कर दिसलं की संपलं, कारवान डोळ्यानं शिकार करणारी जात, पळायला लागली की तिचे कान बंद. दोरी सुटणार नाही, वर्षभर तरी नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

आज तिच्या समोर बसून ताटलीत हातानं तुकडा टाकला. ती बाजूला सरकली, मला जागा दिली, मग खाल्लं.

सव्वीस जूननंतर पहिल्यांदा हाड दिलं. मान नाही, पाठीचा मोठा सांगाडा, एका घासात जाणारच नाही असा. टोक धरायचं नाही, हेच आधी करायला हवं होतं. ज्यांचं कुत्रं गिळतं त्यांनी तुकडा मोठा द्यावा किंवा खाटकाकडनं हाडासकट खिमा करून घ्यावा. नळीचं हाड मात्र नको, त्यावर मागची मोठी दाढ फुटते. "दे" म्हटलं, नाकाजवळ कलेजी धरली, तिनं सांगाडा सोडला, कलेजी खाल्ली आणि मी सांगाडा तिला परत दिला. घेऊन गेले नाही. तीनदा. तिसऱ्यांदा "दे" म्हणायच्या आधीच तिनं सोडला.

वजन २२.६. रक्तातलं कॅल्शियम बरोबर आलं, पण डॉक्टर म्हणाले त्यावर फार विसंबू नका, रक्त शेवटपर्यंत हाडांतनं ओढून आकडा सांभाळतं, म्हणून ताटलीचा हिशोबच पक्का ठेवा. त्यांनी व्हिटॅमिन ई आणि आयोडीनची भर सुचवली. आठवड्यातनं एकदा बांगडाही देते, कुकरला मऊ शिजवून.

जुलैचा खर्च, फेकलेलं धरून, ३,९४० रुपये. पाकिटाचं खाणं महिना २,६०० पडायचं. स्वस्त होतं म्हणून हे कुणी करत असेल तर होत नाही. रोजचा वेळ पाऊण तास, रविवारी डबे भरायला दोन तास. पिवळा फेस मात्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर एकदाही नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

आज पहिल्यांदा मुलगी परसात. ताटलीत साधं उकडलेलं मांस, हाड नाही. मी मध्ये उभी, मैना माझ्या बाजूला दोरीवर, मुलगी नऊ लाद्यांवर. "आई, मी पण नऊपासनंच का? ती तर माझ्या पायावर झोपते." हो म्हटलं, बाबाही नऊपासनंच. तिनं मोजून चार फेऱ्या केल्या, तुकडा फेकताना एक जाईच्या वेलात गेला तर मैना ताटली सोडून तो शोधायला गेली. अंग सैल होतं.

पुढच्या शनिवारी घरी गणपती बसतोय. आईंनी स्वतःच सांगितलं की तिचे डबे आधी भरून ठेव, त्या दिवसांत सुरी-पाट काढू नकोस. सात डबे भरलेत, आठ बाकी. तिल्ली संपलीय.